कंपनीचा वास

नवा सोफा घरात आला आणि हिरामणला घराबाहेर जावं लागलं. दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी घडल्या, तरी त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

सोफा पेणहून टेम्पोतून आला. रविवारी खांब गावचे पाहुणे हिरामणच्या मुलीला, शांतीला बघायला येणार होते आणि त्यांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवायची त्याच्या बायकोची, रंभाची तयारी नव्हती. दुकानदाराने तिला सांगितलं होतं, आत साधं लाकूड नाही, इंजिनियर्ड वूड आहे. टेम्पो रोह्याला पोचेपर्यंत रंभाने त्याचा अर्थ लावून ठेवला होता.

"इंजिनियरनं बनवलेलं लाकूड हाय," तिने शेजारच्या बायजाला सांगितलं.

"आनी मुलगा काय करतो?"

"मुलगा शेती करतो. पन लाकूड तरी इंजिनियरचं!"

रविवारपर्यंत सोफ्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही, असा हुकूम निघाला. तरी दिवेलागणीपर्यंत घरात वास भरला. उग्र, नाकातून थेट डोळ्यांत जाणारा. रोह्यात वासाची फार चौकशी करत नाहीत. वास आला की तो कंपनीचा; आणि या घरात तर कंपनीतला माणूस होताच. हिरामण धाटावच्या एका केमिकल कंपनीत ड्रम भरायचं काम करी. इतक्या वर्षांत त्याचं नाक केव्हाच निवृत्त झालं होतं. तो स्वतः मात्र अजून व्हायचा होता.

"अवो, आज काय अंगावर सांडून घेतलंत?" रंभाने पदर नाकाला लावला.

"नाय गो. रोजच्यासारखाच हाय मी."

"रोज असा वास येत नाय."

"मग मी काय करू? मला येतच नाय."

"तुमाला कसा येईल? ज्याचा त्याला येत नाय."

त्याने आंघोळ केली. वास तसाच. दुसऱ्यांदा केली, या वेळी भांड्याच्या साबणाने. वास तसाच, शिवाय अंगाला खाज. कंपनीचे कपडे कुंपणावर गेले, बूट फणसाखाली गेले, आणि शेवटी चटई घेऊन हिरामण ओट्यावर गेला. पहिली पाळी करून आल्यावर पंख्याखाली तासभर आडवं व्हायचं, एवढं एकच सुख त्याने आयुष्यात राखून ठेवलं होतं. आता ओट्यावर पंखा नव्हता आणि माश्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो कामावर असताना रंभाने घर हुंगून पाहिलं. वास होताच. घरी आल्यावर हे ऐकून हिरामणला वाटलं, सुटलो.

"म्हंजे माझा नाय ना! मी नव्हतोच घरात."

"तुमचाच. भिंतीत मुरलाय."

शनिवारी मात्र तिने हद्द केली. "उद्या तुमी बहिणीकडे गडबला जा."

"पोरीला बघायला येनार, आनी बाप गडबला?"

"सांगू, शिफ्टला गेलेत. अवो, त्या लोकांना वास आला तर सोयरीक मोडेल. शांतीकडे बघा जरा."

हिरामणने शांतीकडे बघितलं. शांती खाली मान घालून उद्याचे पोहे निवडत होती. मुलाचा फोटो बघितल्यापासून तिने घरातलं सगळं धान्य निवडून संपवलं होतं. तिला मुलगा आवडला आहे, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. भांडायचं बळ हिरामणकडे उरलं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. बापाने ओट्यावर बसायचं, पाहुण्यांना लांबून रामराम करायचा, आत पाऊल टाकायचं नाही.

रविवारी रंभाने सोफ्याचं प्लास्टिक ओढून काढलं आणि दोन पावलं मागे सरली.

"आई, वास वाढला गो," शांती म्हणाली.

"बाबा ओट्यावर हायत ना, त्यांचा येतोय. लाव खिडक्या."

खिडक्या लागल्या. पाहुणे आले. हैबतराव, त्यांच्या पत्नी गिरजाबाई आणि मुलगा कान्हू ओळीने सोफ्यावर बसले, आणि दार ओढून घेतलं गेलं. हिरामण काचेला डोळा लावून बघू लागला.

शांती पोहे घेऊन आली तेव्हा गिरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं. शांतीने वाकून नमस्कार केला, तशी धार लागली. हैबतराव उपरण्याने डोळे टिपू लागले. रंभाने ते पाहिलं. तिचे डोळे तर सकाळपासून भरलेलेच होते. तिनेही पदर लावला.

"नाव काय गो बाय तुजा?" हैबतरावांचा गळा दाटला होता.

"शांती," म्हणता म्हणता शांतीला हुंदक्यासारखा ठसका लागला.

"रडू नको गो माझ्या बाये," गिरजाबाई रडत म्हणाल्या. "आमी लेकीसारखी ठेवू."

बाहेर हिरामण थक्क झाला. त्याच्या स्वतःच्या लग्नात पाठवणीलाही एवढं कुणी रडलं नव्हतं. तेवढ्यात शांतीला पुन्हा ठसका लागला आणि कान्हू झटकन उठला. त्याने आधी तिला स्वतःचा पाण्याचा पेला दिला, मग खिडकी उघडली. समोर हिरामणचं नाक होतं.

"काका! तुमी बाहेर का?"

"हवा खातोय," हिरामण म्हणाला.

"मग आमी पन येतो," हैबतराव लगबगीने उठले. "पुढचं काय ते ओट्यावरच बोलू."

हिरामणच्या चटईवर बैठक बसली. दोन श्वास घेताच पाहुण्यांचे चेहरे खुलले. "मानसं मायेची हायत तुमची," हैबतराव म्हणाले, "घरात शिरल्याबरोबर भरून आलं बघा." चहा संपायच्या आत सोयरीक पक्की झाली.

पाहुणे गेल्यावर हिरामण उरलेले पोहे शोधत आत गेला. सोफ्याखाली गेलेला चमचा काढायला तो वाकला, तर खालचं कापड एका कोपऱ्यात उसवलेलं. आत इंजिनियरचं लाकूड दिसत होतं. भुसा आणि डिंक. नखाने खरवडलं तर भुगा पडला. या डिंकाचे ड्रम त्याने स्वतः भरले होते. ते प्लायवूडवाल्यांकडे जात. उघड्या ड्रमवर वाकलेल्या नव्या कामगाराचे डोळे कसे वाहतात, हेही त्याला चांगलं ठाऊक होतं.

"रंभा," तो तसाच खालून म्हणाला, "हा वास—"

"अवो, किती हळवी मानसं!" रंभा अजून नाक पुसत होती. "डोळ्यांतलं पानी खोटं नसतं. पोरगी सुखात पडली. तुमी काय म्हनत होता?"

शांती दारात कान्हूने दिलेला पेला धरून उभी होती. तो अजून तिने विसळला नव्हता. डोळे वासाने वाहिले असतील, पण पेला पुढे करणारा आणि खिडकी उघडणारा हात तरी वासाने हलला नव्हता, असं हिरामणने ठरवलं.

"काय नाय. हा वास माझाच, म्हनत होतो."

"मी काय सांगत होते? आनी ऐका, लग्नात शांतीला हाच सोफा देऊ. याच्यावरच तर जमलं सगळं."

हिरामणचं डोकं सोफ्याच्या कडेवर आपटलं. खांबला रोज सकाळ-संध्याकाळ रडणारं कुटुंब त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

"नको! याला माझा वास लागलाय. पोरीला असला कसा द्यायचा? बाहेर काढ. मी वापरीन ओट्यावर."

सोफा ओट्यावर गेला. चार दिवसांत घर स्वच्छ झालं. पाळीवरून आलेला हिरामण पाय पसरून सोफ्यावर पडला होता, तेव्हा रंभा उंबऱ्यात येऊन मोठा श्वास घेऊन म्हणाली, "बघा. तुमाला बाहेर काढलं, तर वास कसा गेला!"

"व्हय गो," हिरामण म्हणाला आणि कूस बदलून झोपला.