दक्षिण पोटाशी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी शिंप्याने स्वतःचा, बायकोचा आणि व्याह्यांचा असे तिघांचे मोबाइल गाडीच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं. अट त्याचीच होती. नकाशा आणि होकायंत्र एवढ्यावर रान पार करायचं आणि दहाच्या आत तळ्याकाठच्या विश्रामगृहावर पोचायचं. तिथे मुलगी-जावई जेवण घेऊन येणार होते.

यामागे जुनं दुखणं होतं. मुलीच्या लग्नात नवरीची गाडी शिंप्याने स्वतः हाकली आणि भलत्याच गावात नेऊन उभी केली. तेव्हापासून व्याही त्याची ओळख करून देताना "आमचे वाटाडे" म्हणत. व्याही बस आगारातून निवृत्त झालेले नियंत्रक. प्रत्येक गोष्टीची वेळ खिशातल्या वहीत टिपायची सवय अजून सुटली नव्हती. त्यांचं तोंड बंद करायला शिंप्याने सहा रविवार मैदानावर जाऊन होकायंत्राचं शिक्षण घेतलं होतं.

नकाशा सोपा होता. तळं सरळ दक्षिणेला. म्हणजे होकायंत्र छातीशी धरायचं, काट्याचं लाल, म्हणजे उत्तरेचं टोक आपल्या पोटाकडे ठेवायचं आणि चालायचं. रविवारी काटा फार वळवळायचा. आज मात्र तो शहाण्यासारखा पोटाकडे बघत राहिला. पायवाट वळली, काटा पोटाकडे. ओढा आडवा आला, वळसा घातला, तरी पोटाकडेच. शिंप्याची मान ताठ झाली.

साडेनऊला बायको म्हणाली, "अहो, निघालो तेव्हा ऊन डाव्या गालावर होतं. आता उजव्या गालावर आहे."

"उन्हावर जायचं असतं तर मी सहा रविवार कशाला घालवले?" शिंपी म्हणाला.

दहा वाजले, तळं आलं नाही. पावणेअकराला एक पडकी चौकी लागली. व्याह्यांनी वही उघडून सांगितलं की हीच चौकी नऊ वाजून पाच मिनिटांनीही लागली होती. शिंप्याने रानात अशा चौक्या बऱ्याच असतात असं सांगितलं. मग व्याह्यांनी होकायंत्र स्वतः हातात घेतलं. काटा गर्रकन फिरला आणि लाल टोक थेट समोर गेलं.

व्याह्यांनी ते हलवलं, फुंकर मारली आणि परत केलं. शिंप्याच्या छातीशी येताच काटा पुन्हा पोटाकडे वळला.

"मानलं तुम्हाला," व्याही म्हणाले. "माझ्या हातात भरकटतं, तुमच्या हातात गप बसतं. शेवटी शिक्षण ते शिक्षण."

मुलीच्या लग्नानंतर त्यांनी केलेली ही पहिली स्तुती.

पुढे अर्ध्या तासाने बायकोच्या पिशवीचा पट्टा तुटला. शिंपी खडकावर बसून तो पिनेने जोडू लागला. पीन बोटांतून निसटली, पण खाली पडली नाही. त्याच्या जाकिटाच्या छातीवर जाऊन चिकटली.

जाकीट त्याचं रोजचं, शिवणाच्या दुकानात घालायचं होतं. नकाशा मावेल असे खिसे त्यालाच होते म्हणून आज अंगात घातलं. आतल्या खिशात लोहचुंबक होतं, दुकानात सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं, शिवण शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेलं, तीस वर्षांचं.

बायको पाणी पीत होती. व्याही पाठमोरे होते. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात "शिक्षण ते शिक्षण" कानात घुमलं. फेकायला हात धजेना. त्याने चुंबक हळूच व्याह्यांच्या खडकावरच्या झोळीत सरकवलं. विश्रामगृहावर काढून घेता येईल.

व्याही वळले, झोळी उचलली आणि पाठ दुखते म्हणून नेहमीप्रमाणे पोटावर अडकवली.

"आता मला द्या ते," त्यांनी हात पुढे केला. "तुमचं बघून बघून आलं मला. मान थोडा आम्हालाही मिळू दे."

शिंप्याने ते दिलं. व्याह्यांनी होकायंत्र झोळीवर टेकवलं. लाल टोक वळलं आणि त्यांच्या पोटाकडे स्थिर झालं.

"बघा, बसलं," व्याही म्हणाले आणि ताठ मानेने पुढे निघाले.

बायकोने एकदा आकाशाकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही एवढे गप्प का?"

"ते पुढे आहेत ना," शिंपी म्हणाला.

दोन वाजून पाच मिनिटांनी तिघं पडक्या चौकीजवळून तिसऱ्यांदा गेली. व्याह्यांनी वेळ वहीत टिपली आणि रानात अशा चौक्या बऱ्याच असतात असं सांगितलं.