अकरा म्हणजे अकरा

माणसाच्या मेंदूची परीक्षा घ्यायची तर आधी त्याला ताटकळत ठेवावं लागतं, हे तत्त्व आता सर्वमान्य झालं आहे. शिवणकाम करणाऱ्या एका बाईला मात्र ते कळायला नऊ महिने लागले.

तिची मुलगी बिट्टी नऊ वर्षांची. बिट्टीच्या एका गुणसूत्राचा बारीकसा तुकडा जन्मापासूनच गायब होता. (तो कोणाच्या बाजूने गेला, याची घरात रीतसर चौकशी झाली. सतरापैकी सोळा नातेवाइकांनी समोरच्या बाजूकडे बोट दाखवलं. सतरावे काका झोपले होते.) अशा मुलांना ठरलेलं बदललेलं सोसत नाही, असं माहितीपत्रकात स्वच्छ छापलं होतं. पत्रक मेंदू-चाचणी केंद्रानेच काढलेलं होतं.

शाळेच्या मोठ्या बाईंचं म्हणणं साधं होतं. केंद्राचं पत्र आणलं तर वर्गात बिट्टीशेजारी मदतनीस बसेल. वर्षअखेरपर्यंत नाही आणलं, तर बिट्टीचं नाव पटावरून जाईल.

केंद्राने पहिल्यांदा बोलावलं ते अकरा वाजता. अकरा वाजून एक मिनिटाने बिट्टीने विचारलं, "अकरा वाजले ना?" चौथ्या मिनिटाला हा प्रश्न वरच्या मजल्यापर्यंत पोचला. खिडकीतल्या कारकुनाने शांतपणे नोंद केली, 'असहकार', आणि तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. दुसऱ्या वेळी तेच झालं, तिसऱ्या वेळीही तेच. केंद्राच्या अहवालानुसार तिथे चाचणी पूर्ण करणारी शंभर टक्के मुलं शांत स्वभावाची असतात. हा आकडा जाड ठशात छापलेला आहे, आणि तो खोटा आहे असं कोणी म्हणू शकणार नाही.

मग आईने उरल्यासुरल्या कापडाची एक पट्टी शिवली. तिला अकरा बटणं लावली. पाव तास झाला की एक बटण काढायचं. शेवटचं बटण मोठं, लाल, त्याचं नाव 'कधीतरी'. घरी सराव सुरू झाला. जेवण उशिरा, अंघोळ उशिरा, बाहेर जायचं तर तेही उशिरा. एके दिवशी बिट्टी एकही प्रश्न न विचारता तासभर बटणं काढत बसली. आईला आनंद व्हायला हवा होता, पण तिला रडू आलं.

चौथ्या खेपेला बिट्टी दोन तास चाळीस मिनिटं बसली. दहा बटणं सुटली, 'कधीतरी' तेवढं राहिलं. आतल्या मानसतज्ज्ञ मॅडम स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी बारा मिनिटांत चाचणी आटोपली, पट्टीचं मनापासून कौतुक केलं, असल्या चाळीस पट्ट्या केंद्राला शिवून द्याल का असंही विचारलं, आणि कागदावर लिहिलं: 'वाट पाहण्याची क्षमता उत्तम. मदतीची गरज नाही.'

शाळेची मुदत संपायला दोन दिवस होते. आई खिडकीशी गेली. फेरविचार होतो, असं कारकुनाने सांगितलं. त्यासाठी बसावं लागतं.

आई बसली. तिने बिट्टीच्या हातातली पट्टी काढून पिशवीत टाकली.

"बिट्टी, आपल्याला किती वाजता बोलावलं होतं?"

"अकरा."

"जरा मोठ्याने सांग."

बिट्टीने सांगितलं. मग आईनेही सांगितलं. नऊ महिन्यांचं साठलेलं होतं, त्यामुळे आईचा आवाज बिट्टीपेक्षा बराच चांगला लागला. खुर्चीवर उभं राहून 'अकरा' म्हणताना आईला फार बरं वाटलं.

कारकुनाने नियमावली उघडली. नियम स्पष्ट होता: चाचणीआधीचा आरडाओरडा हा असहकार, चाचणीनंतरचा आरडाओरडा हे लक्षण. सात मिनिटांत शिक्क्यासह पत्र हातात आलं. 'मुलीला मदतीची तातडीने गरज आहे. आईचाही विचार व्हावा.' मदतनीस मिळाली आणि बिट्टीचं नाव पटावर राहिलं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा त्या खोलीत आणखी तेवीस माणसं बसली होती. सगळ्यांना अकरालाच बोलावलेलं होतं. एकानेही घड्याळाकडे पाहिलं नाही. कोणी चपलेकडे पाहत होतं, कोणी हातातलं काहीबाही वाचत होतं. मॅडमनी दारातून एक नजर टाकली आणि तेवीसही कागदांवर लिहून टाकलं, मदतीची गरज नाही.

त्यातल्या वाचत बसलेल्याचा कागद तयार आहे. तुमचं हे सावकाश वाचून झालं की घेऊन जा.