आठव्या पायाचा चहा

शिखरचंदचा चहा सुटला तो एका मकडीच्या पायापायी.

शिरपूरला जैन देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं किराण्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. मधल्या दारातून बायकोच्या, जतनबाईच्या हातचा चहा दिवसभर बाहेर येत राही. सत्तरच्या दशकातली गोष्ट; यात्रेकरूंची बस चुकायची, पण शिखरचंदचा चहा चुकत नसे. गिऱ्हाईकही त्याच्या कपाकडे पाहून बोलत. कप भरलेला असेल तर भाव विचारायचा, रिकामा असेल तर घरी जाऊन परत यायचं.

पर्युषणाच्या पहिल्याच सकाळी त्यानं फळीवरून गुळाची भेली खाली ठेवली, ती नेमकी एका तळहाताएवढ्या केसाळ मकडीच्या पायावर. पाय भेलीखाली राहिला आणि मकडी पुढे निघून गेली. दुसरा कोणी असता तर त्यानं चप्पल शोधली असती. शिखरचंदनं बिस्किटांची काचेची बरणी शोधली, पुठ्ठ्यानं मकडीला अलगद आत घेतलं आणि तसाच देवळात जाऊन सगळ्या समाजापुढे उभा राहिला. म्हणाला, ही मकडी आठही पायांवर चालत आपल्या घरी जात नाही, तोवर मले चहाचा त्याग. लोकांनी माना डोलावल्या. कुणाकुणाचे डोळेही ओले झाले.

परतताना दुकान दिसायला लागलं तशी जतनबाई म्हणाली, "आठ कायले म्हणलं तुमी? तिले सातच राह्यले ना."

शिखरचंद रस्त्यातच थांबला. "बोलायच्या ओघात निघून गेलं."

"मंग चहापत्तीचा डबा दुकानात विकायले ठेवू का?"

नियम काही सौदा नव्हे, त्यात घासाघीस चालत नाही. शिखरचंदनं मनाशी ठरवलं, आधी मकडी जगवू, पायाचं मागून पाहू.

पण काचेच्या बरणीत मकडी घसरू लागली. तिला माती हवी होती, आणि तिथेच घोडं अडलं. चातुर्मासात जमीन खणायची नाही, मातीतल्या जिवांना इजा होते. म्हणजे माती हवी ती दुसऱ्या कुणी दुसऱ्याच कामासाठी आधीच खणलेली. शिखरचंदनं जन्मभर जे केलं तेच याही वेळी केलं, वानगी मागवली. गहू घ्यायचा तर आधी मूठभर नमुना बघायचा, तशी मातीही बघायची. दोन दिवसांत दुकानात कागदाच्या पुड्यांतून गावची माती येऊ लागली. तो ती तळहातावर चोळी, हुंगे, उजेडात धरी आणि चहाच्या गाळणीतून चाळी. गाळणी तशीही रिकामीच होती. चाळताना मुंगी निघाली की तिला दाराबाहेर सोडून येई.

पहिला मान भाजीवाल्या रंगरावाला मिळाला. गावाबाहेर त्याचा मळा होता आणि नव्या विहिरीची काळी माती बाजूला पडलेली होती. माती देखणी होती. पाण्याचा शिपका मारला तर तिचा डिंक झाला आणि मकडीचे उरलेले पाय तिच्यात रुतू लागले. वाळली तर तिला बोट जाईल अशा भेगा पडल्या. रंगरावाला वाईट वाटलं. त्यानं वांग्याच्या वाफ्यातली भुसभुशीत माती स्वतः डोक्यावरून आणली.

शिखरचंदनं ती हुंगली आणि पुडी लांब धरली. "रंगराव, याच्यात पावडर हाये. किडे मारायची."

"मंग? वांगे कसे पिकतीन, शेठ?"

"अन् मकडी जगंल कशी?"

"तुमी दुकानात पावडर ठेवत नाई," रंगराव म्हणाला, "म्हून मले मंगरूळपीरहून आणा लागते. वरतून आता तुमीच नावं ठेवून राह्यले."

मग नदीची रेती आणली. मकडीनं तिच्यात बीळ कोरलं, ते ढासळलं, आणि तिला चहाच्या चमच्यानं उकरून काढावं लागलं. तोवर चहावाचून शिखरचंदचं कपाळ ठणकू लागलं होतं. हळद मागितली तर तो जिरं बांधून देई आणि परत केलं तर गिऱ्हाइकाचीच समजूत काढी.

त्यात नवीन काळजी उभी राहिली. मकडी काही खाईना. किडे पकडून देणं शिखरचंदच्या धर्मात बसत नव्हतं. त्यानं साबुदाणा ठेवला, दुधाचा थेंब ठेवला. ती ढुंकून पाहीना. दुकानात आलेल्या कुणा बाईनं याचा अर्थ काढला की मकडी उपास करून राह्यली. पर्युषणात एवढी बातमी पुरे होती. यात्रेकरू देवदर्शन आटोपून बरणीच्या दर्शनाला येऊ लागले. हात जोडत, लेकरांना पुढे करत, आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, बघ, हिच्याकून शीक. बरणीशेजारी बसलेला शिखरचंद मात्र समोरच्या हॉटेलातून येणाऱ्या चहाच्या वासाकडे पाठ करून बसे.

मग पावसानं झोडपलं, आणि दुकानाच्या मागच्या मातीच्या भिंतीचा कोपरा खाली बसला. जतनबाईनं त्याला बोलावून नेलं. पडलेली माती पांढरट, जुनी, हाताला मऊ. मूठ वळली तर वळत होती, सोडली तर मोकळी होत होती. ना खत, ना पावडर, आणि खणायचंही पाप नाही, भिंत आपणहून पडली होती. बरणीत टाकताच मकडीनं अर्ध्या दिवसात सुरेख बीळ केलं.

"सारा गाव हुंगला तुमी," जतनबाई म्हणाली. "आता इकडं पाहा."

उरलेल्या भिंतीत, बुडाशी, आतून रेशमाचं अस्तर लावलेलं एक भोक होतं. मकडीचं घर. गुळापासून हातभर अंतरावर.

शिखरचंदला हसावं की रडावं कळेना, आणि दुसऱ्या दिवशी तेही ठरलं. सकाळी दुकान उघडलं तर मकडी उताणी पडली होती, पाय वर करून. बातमी कळताच रंगराव आला, टोपी काढून पायरीवर बसला. शिखरचंद बरणीकडे पाहत म्हणाला, "जीव गेला माह्या हातानं. चहाचं तं काही नाई, तो आता जन्माचाच सुटला." यातलं पहिलं वाक्य त्यानं अगदी मनापासून म्हटलं होतं. दुसऱ्या वाक्याला त्याला रडू फुटलं.

त्यानं मकडीला हात लावू दिला नाही. दुपारी भिंतीशी नेऊन ठेवू म्हणाला. दुपारी बरणी उचलली, तर आत दोन मकड्या.

"बाळंत झाली," रंगराव म्हणाला.

"मायएवढं लेकरू?" जतनबाईनं झाकण काढलं आणि काडीनं एकीला हलवलं. ती पोकळ होती, नुसती कात. दुसरी मऊ, फिकी, नव्या कापडासारखी दिसत होती आणि हळूहळू पाय सरळ करत होती. जतनबाई वाकली. ओठ हलवत मोजू लागली. एकदा मोजून झालं, परत मोजलं.

"काय झालं?" शिखरचंदनं विचारलं.

"आठ."

कात टाकताना नव्यानं फुटलेला आठवा पाय बारीक होता, पोराच्या लिखाणासारखा वाकडा होता, पण पाय होता. लहान पाय हिशेबात धरायचा का, असा वाद रंगरावानं काढून पाहिला. जतनबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मकडीला अंगात ताकद येऊ दिली आणि मग सगळ्यांसमोर बरणी भिंतीशी आडवी केली. ती थांबत थांबत, आठही पायांवर, आपल्या घरात शिरली. बायांनी हात जोडले. शिखरचंद मात्र तोवर चुलीजवळ जाऊन बसला होता. गाळणी मातीत गेलेली, म्हणून जतनबाईनं चहा धोतराच्या फडक्यातून गाळला. तसा चहा आपण पुन्हा कधी प्यालो नाही, असं तो म्हातारपणीही सांगत असे.

भिंत त्यानं बांधून घेतली नाही. कोणी विचारलं तर म्हणे, गवंडी भेटत नाई.

पुढच्या पर्युषणात, पहिल्याच सकाळी, एका यात्रेकरूनं गूळ मागितला. शिखरचंदनं भेलीवरच्या पोत्याला हात घातला आणि पोत्याची कड आतून जराशी हलली. त्यानं हात तसाच ठेवला. गिऱ्हाइकाला थांबायची खूण केली आणि मधल्या दाराकडे मान वळवली.

"अवं," तो म्हणाला, "पह्यले चहा ठेव. मंग उचलतो."