खडकाबाबत नल्लकुंट्याची भूमिका

राष्ट्राची परराष्ट्रनीती भूगोल, इतिहास आणि नैतिक अधिष्ठान यांवर उभी असते, असं जाणकार सांगतात. नल्लकुंट्याच्या स्नेहवर्धक मराठी मंडळाची परराष्ट्रनीती एका किल्लीवर उभी होती, आणि ती फार भक्कम होती.

ही किल्ली मंडळाच्या खोलीची. खोलीत एक पंखा, एक टीव्ही आणि एक आरामखुर्ची. घटनेनुसार किल्ली चिटणीसाकडे राहते, आणि चिटणीस चौदा वर्षं अप्पाराव होते. रेल्वेतून निवृत्त झालेल्या अप्पारावांचं घर तारनाक्याला. मुलगा संदेश आणि सून गौरी दोघंही घरूनच कंपनीचं काम करत, त्यामुळे सकाळी दहा ते संध्याकाळी सात अप्पारावांना घरात पूर्ण स्वातंत्र्य होतं. (टीव्हीचा आवाज, फोनवर बोलणं आणि शिंका वगळून. शिंक आल्यास बाल्कनी.) तेव्हा किल्ली गेली की माणूस बाल्कनीत गेलाच म्हणायचा.

घटनेचं कलम चार असं : वार्षिक सभेने प्रथम एखाद्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावर ठराव करावा. तो चिटणीसाने लिहावा, एका पानात बसवावा. ठराव पडल्यास चिटणीसही पडला असं समजावं. (संस्थापकांना जागतिक शांततेची तळमळ होती.) मंजूर ठराव रजिस्टर पोस्टाने दिल्लीला जातो. आजवर एकोणतीस ठराव गेले आणि एकोणतीस पोचपावत्या आल्या. जग अजून शाबूत आहे, यावरून काय ते समजावं.

यंदा लिमोरा आणि सांतेरा या दोन बेटांचं एका खडकावरून भांडण पेटलं होतं. खडकावर एक दीपगृह, दीपगृहात अकरा कामगार. सांतेराच्या जहाजांनी वेढा घातल्यामुळे त्यांची पाण्याची बोट बंद झाली होती. अप्पारावांनी हे घरच्या मुक्या टीव्हीवर, खालच्या ओळी वाचून पाहिलं आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्याच दुपारी त्यांनी मसुदा लिहिला : सांतेराचा तीव्र निषेध, आणि त्या अकरा जणांना आधी पाणी द्यावं.

मग त्यांनी मतं मोजली. मंडळाचे सभासद त्रेसष्ट. नल्लकुंटा–बरकतपुऱ्यातली जुनी घराणी चोवीस, गच्चीबावलीचे पुणेकर संगणकवाले वीस, दिलसुखनगरचं महिला भजनी मंडळ एकोणीस. बहुमत कुणालाच नाही. म्हणून तर मंडळात लोकशाही टिकून आहे.

भजनी मंडळाच्या कुसुमताईंचा फोन आला. "अप्पाराव, ते खडक-बिडक ऱ्हाऊ द्या. आमची ईशा सांतेरात शिकायलीय. तिचा व्हिसा अटकला, तर एकोणीस मतं तुमची नाहीत, सांगून ठेवते."

अप्पारावांनी मसुद्याचा फेरविचार केला आणि दोष लिमोराचा असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. तेवढ्यात मंदार आला. हा पुणेकरांचा पुढारी. "काका, लिमोरा आमचा क्लायंट आहे. जरा बॅलन्स्ड ठेवा ना."

मग कुणाचाच निषेध नको, असं ठरणार होतं. पण जुनी घराणी बिथरली. "निषेधाशिवाय ठराव म्हणजे मिरचीशिवाय बगारा बैंगन," विजयराव बरकतपुरेकर म्हणाले. "दिल्लीवाले काय म्हणतील? कडक पाहिजे."

पेच अवघड होता, पण अप्पारावांनी रेल्वेची वेळापत्रकं बसवली होती. त्यांनी जगातल्या देशांची यादी काढली. ज्या देशात कुणा सभासदाचा मुलगा, जावई, क्लायंट किंवा रखडलेला व्हिसा आहे, तो देश खोडला. हे काम तीन दिवस चाललं. (सभासदांची मुलं इतक्या देशांत पसरली आहेत की मंडळाला महासत्ता म्हणायला हरकत नाही.) शेवटी एकच देश उरला. गोर्माविया. डोंगराळ, चहूबाजूंनी जमीन, समुद्र नाही, जहाज नाही, सभासदांपैकी कुणाचं कुणी नाही. ठरावात लिहिलं गेलं : खडकाच्या प्रश्नी गोर्मावियाने बाळगलेल्या संशयास्पद मौनाचा हे मंडळ तीव्र निषेध करते.

गोर्मावियाचा निषेध पुरेसा कडक होईपर्यंत पान भरलं. म्हणून पाण्याचं वाक्य काढावं लागलं. त्याला कुणाचा विरोध नव्हता, पण कुणाचा आग्रहही नव्हता.

सभेच्या दिवशी ठराव वाचला गेला. मंदारने मान डोलावली, कुसुमताईंनी पदर सावरला. विजयरावांनी टाळी वाजवायला हात उचलला, तोच मंदारची बायको मेधा उभी राहिली. "काका, एक मिनिट."

अप्पारावांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. हिच्या कंपनीने गोर्मावियात ऑफिस काढलं असेल तर संपलंच सगळं. बाल्कनी त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागली.

"जेवण किती वाजता आहे?" मेधाने विचारलं.

ठराव एकमताने मंजूर झाला. जेवणात बगारा बैंगन होतं आणि ते फार उत्तम झालं होतं. चार वाजता सगळे पांगल्यावर अप्पारावांनी खोली उघडली, आरामखुर्ची पंख्याखाली ओढली, टीव्हीचा आवाज मोठा केला आणि एक खणखणीत शिंक दिली. बातम्यांत खडक दाखवत होते. त्यांनी क्रिकेट लावलं.

किल्ली वाचली, याचा आनंद वाचकांनाही झाला असेल. मेधा उभी राहिली तेव्हा काहींनी श्वासही रोखला असेल. दीपगृहातल्या अकरा जणांना पाणी मिळालं का, हे मात्र मंडळात कुणीच विचारलेलं नाही. (तुम्ही विचारणार होता, पण पान भरलं.)