हुजूर पुढच्या सीटवर

मला शिकवता येणार नाही असा जीव अजून जन्माला यायचाय, असं मी ताईला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, फोन कट झाला. पण ती हसत होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लेकीच्या बाळंतपणासाठी ती सहा महिने तिच्याकडे राहायला निघाली होती आणि मागे तिच्या कुत्र्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. कुत्रा बुलडॉग. तोंडावर सुरकुत्या, पाय आखूड, वजन अठ्ठावीस किलो.

"अरे, तो फार हट्टी आहे," ताई म्हणाली. "ही जातच तशी. मनात नसेल तर पाय उचलत नाही."

"ताई, मी बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. डावं-उजवं न कळणारे, गिअरला घाबरणारे, आरशात फक्त स्वतःचं तोंड बघणारे, सगळे माझ्या हाताखालून गेलेत. कुत्र्याचं काय एवढं घेऊन बसलीस?"

"मी कुठे, आता तूच बसणार आहेस घेऊन," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी त्याला आणून सोडून गेली.

कागदपत्रांवर त्याचं नाव काहीतरी लांबलचक होतं. पण घरात आल्या आल्या तो सोफ्याच्या मधोमध चढून बसला, आम्हा नवराबायकोकडे एकेकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. बायको म्हणाली, "हुजूर आले." तेच नाव पडलं. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो.

आमच्या घरात तेव्हा एक नाजूक प्रकरण चालू होतं. माझी बायको फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेल्या लोकांच्या घरी जाते आणि त्यांना पुन्हा चालायला लावते. हॉस्पिटलनं तिला लांबच्या रुग्णांचा नवा विभाग देऊ केला होता आणि त्याची प्रमुख तीच होणार होती. अकरा वर्षं ती या जागेची वाट बघत होती. अट एकच. महिनाअखेरपर्यंत गाडी चालवायचा परवाना हातात हवा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार. आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाची ही सख्खी बायको परीक्षेत दोनदा नापास झालेली. एकदा गाडी खांबाला जाऊन टेकली, दुसऱ्यांदा खांब वाचला तो केवळ परीक्षक बाईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरी चोवीस तास जळत होता.

हा दुसरा ब्रेक काय ते सांगतो. शिकवायच्या गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बावीस वर्षं माझा पाय त्यावर आहे. थांबायचं विद्यार्थ्याच्या मनात यायच्या आत माझा पाय गाडी थांबवतो. इतक्या वर्षांत माझ्या गाडीला एक ओरखडा नाही, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतो. मग ही माणसं परीक्षेत का गडबडतात? माझं निदान ठरलेलं होतं. घाबरतात.

असो. हुजुरांना शिस्त लावायला मी दुसऱ्याच सकाळी घेतली. गळ्यात पट्टा, हातात दोरी. कोपऱ्यापर्यंत हुजूर छान आले. चौकात आलो, सिग्नल पडला, आम्ही रस्ता ओलांडायला लागलो आणि बरोबर मध्यावर हुजूर बसले.

मी "चल" म्हणालो. मग दोरी ओढली. मग ढकललं. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. चारी बाजूंनी हॉर्न वाजायला लागले. हुजुरांनी मान वळवून सगळी वाहनं शांतपणे पाहिली आणि आडवे झाले. थांबलेल्या गाड्यांमध्ये तीन माझेच जुने विद्यार्थी होते. त्यातला एक काच खाली करून ओरडला, "सर, क्लच हळू सोडा!"

शेवटी मी बायकोला फोन केला. अडलेल्यांना चालवणं हा तिचाच धंदा. ती धावत आली, हुजुरांचे गुडघे तपासले, दोन प्रकारे उचलून पाहिलं आणि म्हणाली, "पेशंटची इच्छा नाही."

मग मी घरी जाऊन गाडी घेऊन आलो. डोक्यावर स्कूलची पाटी असलेली, शिकवायचीच. दार उघडल्याबरोबर हुजूर आपण होऊन उठले, डुलत डुलत आले, पुढचे पाय आत टाकले आणि मागच्यांसाठी माझ्याकडे बघितलं. मी ढुंगणाला हात लावून वर चढवलं. ते बसले शेजारच्या सीटवर. म्हणजे माझ्या.

त्या दिवसापासून हुजूर बाहेर निघाले की गाडीतूनच, आणि गाडीत बसले की त्याच सीटवर. सकाळ-संध्याकाळ त्यांना फिरवायची वेळ आणि बायकोच्या सरावाची वेळ एकच होती, कारण दिवसभर आम्हा दोघांनाही कामं. म्हणजे गाडी चालवणार बायको, शेजारी हुजूर आणि बावीस वर्षांचा अनुभव मागच्या सीटवर.

पहिल्या दिवशी आम्ही गल्लीतून वळलो आणि गाडी सरळ भाजीवाल्याच्या रिकाम्या क्रेटवर गेली. जोरात नाही, पण पाच-सहा क्रेट कोसळले.

"अगं, ब्रेक का नाही दाबलास?"

"तुम्ही दाबता ना नेहमी," ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय मागच्या मॅटवर सगळी ताकद लावून दाबलेला होता. मी भाजीवाल्याशी बोलायला लगबगीनं उतरलो. काही विषय वाढवण्यात अर्थ नसतो.

धक्क्यानं हुजूर जागे झाले होते. त्यांनी पुढचे पंजे डॅशबोर्डवर ठेवले, बायकोच्या कानाशी तोंड नेलं आणि एकदाच भुंकले. मग गिअरच्या दांडीवर लाळ गाळत पुन्हा झोपले.

"मेलं, किती रागावतं," ती गिअर पुसत म्हणाली.

पुढे हे रोजचंच झालं. गाडीला हिसका बसला की एक भुंकणं, कानाशी. क्लच पटकन सुटला की भुंकणं. ब्रेक उशिरा लागला की भुंकणं, वर लाळ. मी मागून सूचना देत होतो, पण त्या हुजुरांच्या घोरण्यात ऐकू जात नव्हत्या. बायको अगदी जपून चालवायला लागली. सिग्नल दिसला की लांबूनच वेग कमी करायची आणि गाडी लोण्यावर ठेवल्यासारखी थांबवायची. मला वाटायचं, कुत्र्यापायी हिच्या शिकण्याचं वाटोळं होतंय. परीक्षा आठवड्यावर आली होती आणि मला त्या काळजीनं जेवण जाईना.

म्हणून परीक्षेच्या दिवशी हुजुरांना घरी ठेवायचं असं मी ठरवलं. पण ते सकाळी फिरून आले ते गाडीतून उतरलेच नाहीत.

बिस्किट दाखवलं. त्यांनी मान लांब करून बिस्किट घेतलं आणि मान परत नेली. माझी आरडाओरड ऐकून वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई खाली आल्या. "हट्टी मुलांना नेहमी उलटं सांगायचं," त्या म्हणाल्या आणि कडक आवाजात हुजुरांना म्हणाल्या, "खबरदार उतरलास तर!"

हुजुरांनी आज्ञा पाळली.

"हुशार आहे," बाई म्हणाल्या आणि वर गेल्या.

मग मी समोरच्या गॅरेजमधून मिस्त्रींना बोलावलं. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सीटसकट काढू. चारच बोल्ट आहेत."

"आणि कुत्रा?"

"तो बसू दे ना. त्याला कुठे त्रास देतोय?"

दोन बोल्ट निघाले. तिसऱ्यासाठी मिस्त्रींचा हात हुजुरांच्या पोटाखाली गेला आणि हुजुरांनी घशातून असा काही आवाज काढला की मिस्त्री पान्यासकट फुटपाथवर जाऊन उभे राहिले. निघालेले दोन बोल्ट त्यांनी तिथूनच हात लांब करून परत बसवले. तोवर निघायची वेळ उलटून गेली होती.

"राहू द्या," बायको म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आज गेलं नाही तर महिना संपला. चला."

परीक्षेच्या मैदानावर त्याच परीक्षक बाई होत्या. गावातले सगळे शिकवणारे त्यांना घाबरतात. त्या कमी बोलतात आणि बोलतात ते लिहितात. त्यांनी दार उघडलं, आपल्या जागेवर पाहिलं आणि दार बंद केलं.

"हे कोण?"

"मॅडम, हे उतरत नाहीत," मी म्हणालो. तोंडातून आदरार्थीच गेलं.

"आणि तुम्ही?"

"मी मागे बसतो, मॅडम. रोजचंच आहे. कुत्र्याला धरायला."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मागे बसून खोकायला, असं म्हणा. एक खोकला डावीकडे, दोन उजवीकडे. मी सगळं बघितलंय."

"छे छे, मॅडम! मी आयुष्यात कधी..." आणि नेमका तेव्हाच मला ठसका लागला. खोकलो, तोही दोनदा.

बाईंनी पेन काढलं. बायकोनं डोळे मिटले. अकरा वर्षांची वाट माझ्या घशातून गेली, असं मला वाटलं. मला इतकं वाईट क्वचितच वाटलं असेल.

बाईंनी पुन्हा आत पाहिलं. हुजूर घोरत होते.

"हा काही खुणा करेलसं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "चाचणी मैदानातच आहे. हा राहू द्या, तुम्ही उतरा. मी मागे बसते."

"पण मॅडम, मग तुमच्या पायाशी ब्रेक नसेल."

"तेच तर बघायचंय मला," बाई म्हणाल्या.

मी कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या शेजारी पुढच्या नंबरचे एक बेकरीवाले गृहस्थ होते. गाडी निघाली. आठचा आकडा झाला. चढावर थांबून पुन्हा उचलणं झालं, तसूभरही मागे न येता. मग उतार आला आणि उताराच्या टोकाला तो खांब. मागच्या वेळचा, तोच. गाडी उतरायला लागली. मी श्वास रोखला आणि जीव खाऊन ब्रेक दाबला.

"अहो, पाय!" बेकरीवाले किंचाळले. "माझा पाय आहे तो!"

"सोडतो, आधी गाडी थांबू दे," मी म्हणालो.

गाडी थांबली होती. खांबापासून दोन हातांवर, लोण्यावर ठेवल्यासारखी. काचेतून हुजूर दिसत होते. कूससुद्धा बदलली नव्हती.

बाई उतरल्या, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "पास."

बायकोनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि हसत हसत रडायला लागली. मी धावत गेलो. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. बेकरीवालेसुद्धा लंगडत येऊन तिचं अभिनंदन करून गेले.

"एक मिनिट," परीक्षक बाई म्हणाल्या. "नऊ वर्षं मी तुमच्या स्कूलचे उमेदवार तपासतेय. वळतात छान, आरसे बघतात, इंडिकेटर देतात. थांबायची वेळ आली की नुसते शेजारी माझ्याकडे बघत राहतात. स्वतःहून ब्रेक दाबणारी ही पहिलीच." मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला शिकवलं कोणी?"

मी शर्टाची कॉलर नीट केली. बायकोनं बोट उचललं. ते माझ्या दिशेनं आलं, माझ्या खांद्यावरून पुढे गेलं आणि पुढच्या सीटवर जाऊन थांबलं.

बाईंनी मान डोलावली. त्या आयुष्यात पहिल्यांदा हसल्या असाव्यात, कारण मैदानातले सगळे वळून बघायला लागले.

घरी येताना गाडी बायकोनंच चालवली. वाटेत ती आरशातून मला म्हणाली, "तुम्ही शिकवता छान हो, खरंच. फक्त तो पाय तेवढा घरी ठेवून येत जा."

आता ती विभागप्रमुख आहे आणि लांबलांबच्या पेशंटांना चालवते. सहा महिन्यांनी ताई कुत्र्याला न्यायला आली, तेव्हा हुजूर गाडीतून उतरले नाहीत. ताई फुटपाथवर उभी राहून तस्सं हसली, फोनवर हसली होती तसं, आणि एकटीच परत गेली.

माझ्या स्कूलचे विद्यार्थी अलीकडे पहिल्याच फेरीत पास होतात. नवं कोणी चौकशीला आलं की आधी विचारतं, "सकाळच्या बॅचला हुजूर असतात ना?" असतात, मी सांगतो, आणि मीही असतो. मागच्या सीटवर. तिथली मॅट मात्र उजव्या पायाखालीच झिजते. या वर्षात तीन बदलल्या.