हरकत असल्यास कळवावी

मुलीच्या लग्नाची घोषणा वेबसाइटवर टाकताना ॲन्सेल्म घोन्साल्विसने एकच चूक केली. चर्चमध्ये फादर वाचतात तो मजकूर त्याने शब्दन् शब्द उतरवला. 'या विवाहास कोणाची हरकत असल्यास ती कळवावी' हे शेवटचं वाक्यही त्यात आलं, आणि वेबसाइटच्या रिवाजाप्रमाणे त्या वाक्याच्या बरोब्बर खाली वाचकांना लिहिण्यासाठी कोरा चौकोन आला. नाव देण्याची सक्ती नव्हती.

चर्चमध्ये ही घोषणा लागोपाठ तीन रविवार होते. पापडी आणि आसपासच्या गावांतल्या पिढ्यान् पिढ्या ती ऐकत आल्या, पण हरकत घ्यायला कोणी उठल्याचं कोणालाच आठवत नाही. उठणार तरी कोण? पुढच्या बाकावर मुलीची मावशी, मागच्या बाकावर मुलाचा काका. पोटात काही असलं तरी माणूस ते गिळतो आणि लग्नाला जेवून येतो. कोऱ्या चौकोनापुढे ना मावशी असते, ना काका. हे ॲन्सेल्मच्या लक्षात यायला हवं होतं, कारण त्याची सगळी कीर्ती त्या निनावी चौकोनावरच उभी होती.

ही वेबसाइट म्हणजे 'वाडीचा आवाज'. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर ॲन्सेल्म माणिकपूरला जाऊन कॉम्प्युटर शिकला, आणि २००८ साली त्याच्या हाती घबाड लागलं. केळीच्या वाड्या चिरत जाणाऱ्या रुंद रस्त्याचा गुप्त नकाशा! कुठल्याशा कचेरीतल्या भल्या माणसाने तो नाव न देता पाठवला होता. ॲन्सेल्मने तो वेबसाइटवर चढवला आणि गावाला कळलं, की रस्ता आपल्या वाड्यांतून निघून थेट जितेंद्रशेठ या बिल्डरच्या प्लॉटपाशी जाऊन थांबतो. गावात आंदोलन पेटलं. नकाशा काढून टाका, अशी जितेंद्रशेठच्या वकिलाची नोटीस आली. ॲन्सेल्मने वेबसाइटच्या माथ्यावर ठळक अक्षरांत उत्तर दिलं, 'इथे आलेलं काहीही पुसलं जात नाही. कोणासाठीही नाही.' तेव्हापासून त्याच्या चालण्यात फरक पडला होता, असं त्याची बायको रोझलिन म्हणे.

लग्न जमलं तेही आंदोलनातच. महिला मंडळाच्या मटिल्डाबाई एका सभेत भाषणाच्या भरात म्हणून गेल्या, "आमचा सॅमी आणि ॲन्सेल्मभाऊंची ॲंजेला एक झाली, तर दोन वाड्या एक होतील. मग बघू कोण रस्ता काढतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. ॲन्सेल्मने माइक ओढून तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. ॲंजेला तेव्हा मंडपामागे पाण्याचे ग्लास भरत होती. टाळ्या तिने ऐकल्या; त्या कशाबद्दल होत्या, ते तिला नंतर कळलं.

पहिल्या रविवारी चर्चमध्ये घोषणा झाली आणि त्याच दुपारी ती वेबसाइटवर आली. संध्याकाळी कॅनडाहून अभिनंदन आलं. सोमवारी पहिली हरकत आली. 'मुलगा पहाटे उठून ट्रम्पेट वाजवतो. मुलीकडच्यांनी नीट विचार करावा.' ॲन्सेल्म पोट धरून हसला. मंगळवारी दुसरी. 'मुलीच्या वडिलांनी आमची शिडी नेली ती आणून दिली नाही.'

"ती आग्नेलची शिडी," रोझलिन म्हणाली. "उद्या देऊन या. लाज आणली."

"बोलू दे गं लोकांना. लोक बोलतात म्हणून तर लोकशाही आहे."

बुधवारी सकाळी लोकशाहीने पुढचं पाऊल टाकलं. 'हरकत आहे. मुलीला हे लग्न नको आहे. तिला कोणी विचारलं का?'

ॲन्सेल्मने खुर्ची पुढे ओढली. त्याने ते तीन-चारदा वाचलं आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "जितेंद्रशेठ," तो म्हणाला. "दुसरं कोण असणार? आंदोलनातली दोन घरं फोडायचा डाव आहे."

"ॲंजेलाला एकदा विचारून तरी बघा."

"तिला कशाला उगाच त्रास? तिला तर हे दाखवूच नकोस."

दुपारपर्यंत मटिल्डाबाई दारात हजर. त्या बसल्या नाहीत, पाणीही प्यायल्या नाहीत. आंदोलनात हे वागणं पोलिसांसाठी राखून ठेवलेलं असे.

"ॲन्सेल्मभाऊ, काय लावलंय हे? दुबईवरून भावाचा फोन आला. विचारतो, पोरगी पळून गेली काय?"

"मटिल्डाबाई, हा खोडसाळपणा आहे कोणाचा तरी."

"मग पुसा."

"पुसता येत नाही."

"मशीन बिघडलंय?"

"मशीन ठीक आहे. तत्त्व आहे."

"तत्त्व काय सॅमीच्या बाजूला उभं राहणार हाय वेदीपुढं? गावात तोंड दाखवायला जागा नाय राहिली मला."

त्या गेल्या आणि फोन सुरू झाले. चुलत्यांचे, मावसभावांचे, सॅमीच्या बँडवाल्या मित्रांचे. फादर व्हॅलेरियन यांचाही आला. "ॲन्सेल्म, इतकी वर्षं मी वेदीवरून तेच विचारतोय, कोणी चकार शब्द काढला नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती, की थोडा हेवा, हे ॲन्सेल्मला ठरवता येईना.

शुक्रवारी आलेला फोन सगळ्यांत गोड होता. "साहेब, जितेंद्र बोलतोय. वाचलं मी. वाईट वाटलं. मी पण एका मुलीचा बाप आहे. पुसून टाका तुम्ही, घरचा मामला आहे. फक्त पुसलं की मला एक मिस कॉल द्या. मग आपल्या नकाशाचं पण बसून बोलू."

ॲन्सेल्मने फोन ठेवला. पुसलं नाही, तर मुलीचं लग्न मोडतं. पुसलं, तर वकील उद्याच विचारणार, की एक पुसता येतं तर दुसरं का नाही? नकाशा गेला की रस्ता आलाच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्याने स्वतःच्या हातांनी खणलेली. ॲंजेला दोनदा खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "पप्पा, जरा बोलायचं होतं." त्याने दोन्ही वेळा स्क्रीनवरची नजर न हलवता हात वर केला. "थांब बाळा. तुझ्याच लग्नाच्या मागे लागलोय."

शनिवारी संध्याकाळी मटिल्डाबाईंनी निर्वाणीचा निरोप दिला. "उद्या चर्चात मिस्साला जाईस्तोवर ते पुसलेलं दिसलं नाय, तर दुसरी घोषणा होणार नाय. लग्न मोडलं समजा. आणि रस्त्याविरुद्ध सोमवारच्या मोर्च्यात आमची एक बाई तुमच्या मागं चालणार नाय."

ॲन्सेल्म कॉम्प्युटरपुढे बसला. ट्रम्पेट राहू दे, शिडीही राहू दे. ती एकच ओळ. हजार लोकांत कोणाच्या लक्षात येणार आहे? त्याने बटण दाबलं. 'नक्की पुसायचं?' मशीनने विचारलं. आजवर या प्रश्नापर्यंत तो कधी पोचलाच नव्हता. त्याने 'हो' म्हटलं आणि ओळ नाहीशी झाली, जणू कधी नव्हतीच.

"काय करताय पप्पा?"

ॲंजेला चहा घेऊन मागे उभी होती. तो दचकला. "काही नाही. थोडी साफसफाई."

तिने स्क्रीनकडे पाहिलं, कप ठेवला आणि ती निघून गेली. जितेंद्रशेठला मिस कॉल दिला नाही, एवढंच समाधान उशाला घेऊन ॲन्सेल्म झोपायला गेला.

रविवारी चर्च भरलं होतं. एरवी मिस्साला डुलक्या घेणारेही ताठ बसून होते. गावातल्या निम्म्या लोकांनी सकाळीच वेबसाइट पाहिली होती आणि उरलेल्यांना त्यांनी सांगितलं होतं. काही माना त्याच्याकडे वळल्या. ॲन्सेल्मने प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड घातलं. फादर व्हॅलेरियन यांनी घोषणा वाचायला घेतली. सॅमीचं नाव झालं, ॲंजेलाचं झालं. "...कोणाची हरकत असल्यास ती कळवावी." इथे फादर नेहमी एक श्वास घेतात आणि पान उलटतात. त्यांनी श्वास घेतला.

"मला आहे, फादर."

आवाज बायकांच्या बाजूने आला होता. फादरांचा हात पानावर तसाच राहिला. आयुष्यभर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आल्यावर पुढे काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"कोणाच्या लग्नाला?" त्यांनी विचारलं.

"माझ्याच," ॲंजेला म्हणाली. ती उभी होती आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. "मी लिहून कळवली होती. काल ती पुसली गेली. म्हणून उठावं लागलं."

मटिल्डाबाई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत पुरुषांच्या बाजूने सॅमी उठला. हा सहा फुटी मुलगा आईसमोर कधी मोठ्याने शिंकलाही नव्हता.

"मम्मी, बस जरा. हरकत माझी पण हाय. ते ट्रम्पेटचं मीच लिहिलं होतं."

"तू पहाटेचा ट्रम्पेट वाजवतोस कुठं?" मटिल्डाबाईंनी भर चर्चमध्ये विचारलं.

"नाय वाजवत. पण स्वतःविरुद्ध दुसरं काय लिहायचं, सुचलं नाय."

मागच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. फादरांनी चष्मा काढून पुसला. "ॲंजेलाची हरकत पुसली कोणी?" त्यांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती. वेबसाइट एकाचीच होती.

ॲन्सेल्म उठला. मोर्च्यांत, सभांत, कचेऱ्यांत तो घसा ताणून बोलला होता, पण आत्ता एक शब्द बाहेर काढायला त्याला बाकाचा आधार घ्यावा लागला.

"मी," तो म्हणाला, आणि त्याला भयंकर लाज वाटली. लोकांसमोर मान खाली गेली, याची नव्हे. कोणी लिहिलं याचा शोध तो चार दिवस घेत होता, आणि लिहिलंय ते खरं आहे का, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं, याची.

फादरांनी घोषणा घडी घालून खिशात ठेवली आणि मिस्सा पुढे सुरू केली. मटिल्डाबाई बसल्या, पण शेवटपर्यंत त्यांनी एकही गीत म्हटलं नाही.

घरी पोचेपर्यंत फोन वाजतच होता. "ऐकलं मी," जितेंद्रशेठ म्हणाला. "पुसलंत म्हणे. मग आता आमचं कधी पुसताय?"

"पुसलं होतं, शेठ. ती माझी चूक," ॲन्सेल्म म्हणाला. "परत लावतोय, आणि मी पुसलं होतं तेही लिहितोय. तुमचा नकाशा आहे तिथेच आहे. वकिलाला सांगा, खुशाल वाचायला या म्हणावं."

फोन ठेवून तो कॉम्प्युटरपुढे बसला. आपण काय केलं ते त्याने तीन ओळींत लिहिलं. एरवी नुसत्या प्रस्तावनेलाच त्याला दोन पानं लागत. मग ॲंजेलाची ओळ परत लिहायला बोटं उचलली.

"पप्पा, उठा," ती मागून म्हणाली. "माझं मी लिहिते."

त्या खुर्चीवर त्याच्याशिवाय आजवर कोणी बसलं नव्हतं. तो उठला. ॲंजेला बसली आणि टाइप करू लागली. तो मागून वाकून बघायला गेला, तर रोझलिनने त्याचा सदरा धरून मागे ओढला. बराच वेळ नुसती टकटक ऐकू येत होती. शेवटी ती बाजूला सरकली.

"वाचा."

त्याने चष्मा लावला. 'ती हरकत माझी होती. आता नाव देऊन लिहिते आहे, ॲंजेला घोन्साल्विस. लग्न नको, पण मोर्चा हवा. उद्या तो निघेल. या वेळी पप्पा घोषणा देतील. भाषण मी करीन.'

ॲन्सेल्मच्या ओठांवर बरंच काही आलं. भाषणाचे मुद्दे तयार होते, सुरुवात पाठ होती, शेवटी टाळ्या कुठे घ्यायच्या तेही ठरलेलं होतं. त्याने ते सगळं गिळलं.

"किती वाजता निघायचं?" त्याने तिला विचारलं.