अस्खलित होकार

"दोन कॉफी आणि एक कोको. कोकोवर साय नको," रसेल हॅडफील्डने लिंग, वचन, विभक्ती सगळं सांभाळून जर्मनमध्ये सांगितलं. सुट्टीच्या वाटेवरच्या त्या कॅफेत काउंटरमागच्या पोरीने गोड हसून इंग्रजीत विचारलं, "इथेच पिणार की बरोबर नेणार?"

रसेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथेच पिणार, असं त्याने पुन्हा जर्मनमध्ये बजावलं. पोरगी पुन्हा इंग्रजीतच म्हणाली, मग खिडकीपाशी बसा, तिथे ऊन छान येतं.

ट्रे टेबलावर आदळत तो बायकोला म्हणाला, "पाहिलंस? पाहिलंस ना?"

"काय झालं?" फिओनाने सांडलेली कॉफी पुसायला रुमाल काढला.

"मी जर्मन बोलतोय आणि ती मला इंग्रजीत उत्तर देतेय! अगं, फ्रँकफर्टमध्ये इतकी वर्षं काढली. रविवारी गवत कापत नाही, कचरा डब्यांचे रंग बघून टाकतो, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबतो. माणसाने आणखी करायचं तरी काय?"

"बाबा, ती चांगुलपणाने बोलत होती रे," टेसा म्हणाली.

"हा चांगुलपणा नाही. हा अपमान आहे. हसून केलेला."

हॅडफील्ड कुटुंब मूळचं न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचं. एका विमा कंपनीचे संगणक सांभाळायला रसेल फ्रँकफर्टला आला आणि तिथेच राहिला. टेसा तिथल्याच शाळेत गेली, तिचे दुधाचे दात पडले आणि जर्मन आलं. फिओना इंग्रजी आणि हातवारे यांच्यावर मजेत जगत होती. झिजला तो एकटा रसेल. संध्याकाळचे वर्ग झाले, व्याकरणाची पुस्तकं झाली, गाडीत ऐकायचे धडे झाले. पण त्याने तोंड उघडलं रे उघडलं, की दाताचा डॉक्टर, फुलवाली, वरच्या मजल्यावरचे आजोबा, सगळे पटकन इंग्रजीवर उडी मारत. आजोबांचा पोपट सगळ्यांना "गूटन टाग" म्हणे आणि रसेलला "हॅलो"!

"आता ऐका," कॉफी संपवून रसेल म्हणाला. "ही शरदाची सुट्टी संपेपर्यंत मी इथल्या माणसांशी एक शब्द इंग्रजी बोलणार नाही. कुणी मध्ये पडायचं नाही. टेसा, विशेषतः तू."

"आणि तुला काही कळलं नाही तर?" टेसाने विचारलं.

"मला सगळं कळतं," रसेल म्हणाला.

टिरोलच्या डोंगरात, लार्चची झाडं पिवळीधमक झाली होती अशा एका उतारावर, त्यांनी शेतघरातल्या दोन खोल्या घेतल्या होत्या. घराची मालकीण रोझवीथाबाई म्हणजे हात कमरेवर आणि आवाज पलीकडच्या डोंगरावर असा प्रकार. त्या अंगणात येऊन जे काही बोलल्या त्यात इंग्रजीचा एक शब्द नव्हता. रसेलला त्यांना मिठी मारावीशी वाटली. अडचण एकच होती. त्यात जर्मनचाही शब्द सापडत नव्हता. डोंगरातली ती बोली घशाच्या तळातून निघत होती आणि अर्ध्या वाटेत गिळली जात होती.

पण रसेल हरणारा नव्हता. जेवायच्या वेळी टेसा गोठ्यात मांजरीची पिल्लं बघत बसली होती. टेबलाशी रोझवीथाबाई, त्यांचे सासरे आलॉइस, रसेल आणि फिओना. सूपमध्ये मुठीएवढे पावाचे गोळे तरंगत होते. रोझवीथाबाई बोलू लागल्या. रसेल मान डोलवू लागला.

बाईंनी काहीतरी विचारलं. "नक्कीच," रसेल म्हणाला.

बाई चमकल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू. "अर्थात! आनंदाने!" रसेल म्हणाला.

बाईंचे डोळे पाणावले. त्यांनी रसेलचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. मग एक बोट नाचवत काहीतरी बजावलं, ते पुन्हा एकदा बजावलं, आणि दोन्ही वेळा रसेलने "हो, हो" म्हटलं. आलॉइस म्हाताऱ्याने उठून कपाटातली पेअरची दारू काढली आणि रसेलपुढे ग्लास भरून ठेवला.

खोलीत गेल्यावर फिओनाने विचारलं, "काय म्हणत होत्या रे त्या? रडल्या का?"

"सूप कसं झालंय विचारत होत्या," रसेल म्हणाला. "साधी माणसं आहेत. कौतुकाची भुकेली. बघ, एकदाही इंग्रजी बोलल्या नाहीत."

सकाळी, धुकं अजून खिडकीला चिकटलेलं असताना, दार वाजलं. रोझवीथाबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातावर कातड्याची विजार, पिसाची टोपी आणि एक लांब काठी होती. ते सगळं त्यांनी रसेलच्या हवाली केलं, त्याच्या गालावर थोपटलं आणि जिना उतरून गेल्या.

"ही कसली भेट?" रसेल म्हणाला.

टेसा ओठ पुसत आली. ती आधीच खाली जाऊन दूध पिऊन, सगळी बातमी घेऊन आली होती. "बाबा, तू काल बुर्गीला खाली न्यायचं कबूल केलंस?"

"कोण बुर्गी?"

"गाय. सगळ्यात पुढची. आज सगळ्या गायी डोंगरावरून गावात उतरणार. दर वर्षी बाईंचा जावई पुढे असतो, पण तो माळ्यावरून पडला, त्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे. म्हणून त्यांनी तुला विचारलं. तू म्हणालास, 'अर्थात, आनंदाने.'"

रसेल पलंगावर बसला. "मलाच का?"

"तू न्यूझीलंडचा ना! त्या म्हणाल्या, तिकडे माणसांपेक्षा गाईगुरंच जास्त, याला काय शिकवायचं."

"मी वेलिंग्टनमध्ये चौथ्या मजल्यावर वाढलो!" रसेल ओरडला. "आयुष्यात गाईला हात लावलेला नाही! न्यूझीलंडचा म्हणजे काय, जन्मतःच शेपटी धरून येतो का मी? हा काय न्याय झाला?"

"मग जा आणि नाही म्हणून सांग," फिओना शांतपणे म्हणाली.

रसेल ताडताड खाली गेला. अंगणात रोझवीथाबाई मांडीवर एक भलामोठा मुकुट घेऊन बसल्या होत्या. फरच्या फांद्या, कागदी फुलं, आरसे, मधोमध क्रूस. शेवटचं फूल टाचता टाचता त्या बोलू लागल्या आणि टेसा बापाच्या कानात सांगत राहिली. उन्हाळ्यात डोंगरावर एखादं जनावर दगावलं, तर त्या वर्षी गायी मुकुटाशिवाय, उघड्या डोक्याने गावात उतरतात. बाईंचे यजमान गेले त्या वर्षी एक कालवड कड्यावरून पडली. पुढच्या वर्षी वीज पडली. लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण बाईमाणसाला झेपेना, अशी कुजबुज होती. यंदा एकही जनावर गेलं नव्हतं. यंदा मुकुट होता.

रसेलची नजर मुकुटावरून हलेना. तरी त्याने मन घट्ट केलं आणि जर्मनमध्ये सुरुवात केली, "बाई, थोडा घोटाळा झालाय..."

रोझवीथाबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग टेसाला काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतात, तुला बोलायला जड जातंय का? शेजारच्या पोस्टमनला इंग्रजी येतं. बोलावू का त्याला?"

रसेल ताठ झाला. "काही गरज नाही," तो जर्मनमध्ये म्हणाला. "काठी कुठाय?"

विजार जावयाची होती आणि जावई किडकिडीत होता. रसेल तिच्यात शिरला खरा, पण मग वाकणं, बसणं आणि खोल श्वास घेणं बंद झालं. बुर्गी अंगणात उभी होती, करड्या रंगाची, धिप्पाड, मुकुट घातलेली, गळ्यात हंड्याएवढी घंटा. तिने रसेलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फ्रँकफर्टच्या कुठल्याही दुकानदारापेक्षा या नजरेत कमी आदर होता.

सुरुवात मात्र झकास झाली. रसेल दोरी धरून पुढे, मागे बुर्गी, तिच्यामागे घंटांचा गजर करत सगळा कळप, आणि सगळ्यांत शेवटी आलॉइस म्हातारा आणि शेजारी. वाटेत एक आजी त्याला जर्मनमध्ये शुभेच्छा देऊन गेल्या. त्याने जर्मनमध्ये आभार मानले आणि आजी इंग्रजीकडे वळल्या नाहीत. रसेलची छाती विजारीच्या गुंड्यांना धोका पोचेल इतकी फुगली.

गावाबाहेरच्या वळणावर बुर्गी थांबली.

"चल," रसेल म्हणाला. बुर्गी हलली नाही. तिने मान पुढे करून त्याच्या डाव्या खिशाचा वास घेतला आणि मग विजार चाटायला सुरुवात केली.

"ए! हे काय? सोड!" रसेल मागे सरकला. बुर्गी पुढे आली. त्याने काठी आडवी धरली, तिने काठी बाजूला सारली आणि तोंड थेट त्याच्या मांडीत खुपसलं. रसेलने दोरी सोडली आणि तो पळाला. बुर्गीही पळाली. पुढची गाय पळते म्हटल्यावर मागच्या कशाला थांबतात? घंटांचा असा काही कल्लोळ उठला, की चर्चपुढे वाट बघत असलेल्या बँडवाल्यांनी कर्णे तोंडाला लावले.

चर्च डावीकडे होतं. रसेल उजवीकडे वळला.

उजवीकडे पर्यटकांच्या बसगाड्यांचा तळ होता. रसेल दोन बसच्या मधल्या बोळात शिरला आणि पुढे भिंत आली. तो वळला, तर समोर बुर्गी आणि तिच्यामागे तळभर गायी. एकीने बसच्या आरशात स्वतःला पाहून हंबरडा फोडला, दुसरी कुणाचातरी डबा फस्त करत होती. बसमधले लोक आनंदाने वेडे झाले. कार्यक्रम इतक्या जवळून दाखवतील असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिकडे चर्चपुढे बँड एकही गाय नसताना जोरजोरात वाजत होता.

तेवढ्यात गायींना बाजूला ढकलत, लालबुंद रोझवीथाबाई आल्या. आधी त्यांनी हात फिरवत सगळी जनावरं मोजली. मग मुकुट तपासला. तो एका कानावर कलला होता, पण धड होता. मग त्यांनी मोर्चा रसेलकडे वळवला आणि तोंडाचा पट्टा सोडला. नवल म्हणजे रसेलला या वेळी शब्द न् शब्द कळला.

"खिशात काय आहे तुमच्या? खिशात!"

रसेलने मोठ्या मुश्किलीने घट्ट खिशात दोन बोटं घातली. आतून मीठ चोळलेल्या पावाचे तुकडे निघाले.

"वळणावर तिला खारा पाव द्यायचा, काल दोनदा सांगितलं मी! दोनदा! तुम्ही काय म्हणालात? हो, हो! कसला हो? नुसता तोंडदेखला हो? आणि हे म्हणे न्यूझीलंडचे!"

रसेलने पाव पुढे केला. पण बुर्गीने आता तोंड फिरवलं. ती एका बसच्या दाराकडे वळली होती. तिथे निळ्या जाकिटातल्या एक बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या पिशवीतून खारे दाणे सांडत होते. बुर्गी ते मन लावून टिपत होती. बाईंनी एका हाताने पर्यटकांचं वाक्यांचं पुस्तक उघडलं, चष्मा लावला, रसेलकडे पाहिलं आणि एकेक शब्द जुळवत जर्मनमध्ये विचारलं, "मी... करू शकते... तुमची गाय बरोबर... एक चित्र?"

रसेल घामाघूम होता, विजार चिकटली होती, कान अजून तापलेले होते. विचार न करता तो इंग्रजीत म्हणाला, "हो हो, काढा, पण जरा लवकर."

बाईंचा चेहरा पडला. पुस्तक मिटून त्या नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंस, क्लाइव्ह? मी ख्राइस्टचर्चहून पाठांतर करत आले आणि या माणसाने मला तोंडसुद्धा उघडू दिलं नाही! लगेच इंग्रजी! जसं काही मला काही येतच नाही!"

"आणि बोलतो पण किती छान," क्लाइव्ह कौतुकाने म्हणाला. "अगदी आपल्या न्यूझीलंडकडच्यासारखं."

हा घाव कसा लागतो, हे या पृथ्वीतलावर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने टोपी काढली, तो बाईंपुढे झुकला, विजार परवानगी देईल तितकंच, आणि जर्मनमध्ये अगदी सावकाश म्हणाला, "बाई, माफ करा. पुन्हा विचारा ना."

बाईंची कळी खुलली. "या! या!" त्यांनी जर्मनमध्ये होकार दिला.

हे रोझवीथाबाईंनी ऐकलं. त्यांनी बुर्गीकडे पाहिलं, ती त्या निळ्या जाकिटाला गाल घासत होती. त्यांनी बाईंकडे पाहिलं. मग आपल्या खणखणीत बोलीत त्यांनी बाईंना काहीतरी लांबलचक विचारलं, चर्चकडे हात केला आणि बोट नाचवत काहीतरी बजावलंही.

"या!" बाई म्हणाल्या. "या, या, या!"

रोझवीथाबाईंनी बुर्गीची दोरी त्यांच्या हातात ठेवली, काठीही दिली आणि रसेलच्या हातातली पिसाची टोपी घेऊन त्यांना घातली. वरात हलली. बाई पुढे, हसऱ्या, अजून फोटोचीच वाट बघत असलेल्या. बुर्गी त्यांच्यामागे कोकरासारखी. क्लाइव्ह कॅमेरा घेऊन धावत सुटला.

गर्दीतून वाट काढत फिओना आणि टेसा येऊन पोचल्या. टेसाने ते शेवटचं सगळं ऐकलं होतं.

"बाबा, त्या निळ्या जाकिटवाल्या बाईंना कळलं का, रोझवीथाबाईंनी काय विचारलं ते?"

"नाही," रसेल म्हणाला.

"अरे, मग सांग ना त्यांना! इंग्रजीत!"

रसेलने विजारीची वरची गुंडी सोडली आणि बसच्या पायरीवर अलगद टेकला.

"मुळीच नाही," तो ठासून म्हणाला. "किती सुंदर जर्मन बोलतायत त्या. उगाच मध्ये पडून कुणाचा अपमान करायचा?"